नव्वद नंबर आणि इतर मते

स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालावे, याचे उत्तर त्या गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत बहुधा एका ओळीत छापलेले असते. ती ओळ वाचण्याआधी मिस्त्री, सुट्या भागांचा दुकानदार आणि मेव्हणा यांचा सल्ला घेण्याची नागपुरात पद्धत आहे. तिघांची उत्तरे वेगवेगळी निघतात आणि आत्मविश्वास तेवढा सारखा असतो. पुस्तिका प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेर निघत नाही, कारण गाडी विकताना ती कोरी दिसावी लागते.

मॅन्युअल गिअरची स्पोर्ट्स कार ही जात आपल्याकडे मुळात विरळ. पुण्याच्या डीसी डिझाइन कंपनीची अवंती २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत झळकली. तिच्यात रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि सहा गिअर होते. त्याआधी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, उघड्या छताची गाडी तयार होत असे. व्याख्या थोडी सैल केली तर रांजणगावची अबार्थ पुंटो आणि शेंद्र्याहून निघालेली स्कोडा लॉरा आरएस याही पंगतीत बसतात. थारला स्पोर्ट्स कार म्हणावे की नाही, यावर धरमपेठेत दुमत आहे. तो वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा.

गिअरबॉक्समधल्या तेलाला दोन परस्परविरोधी कामे एकाच वेळी करावी लागतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. गिअरचे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून घसरतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा टिकला पाहिजे. म्हणजे दात्यांना निसरडेपणा हवा. पण गिअर बदलताना सिंक्रो रिंग नावाची बांगडीएवढी, पुष्कळदा पितळी, रिंग फिरत्या गिअरच्या शंकूवर दाबली जाते. दोघांचा वेग घासून घासून सारखा झाला की गिअर निमूटपणे पडतो. या रिंगेला तेल बाजूला सारून घर्षण मिळाले पाहिजे. म्हणजे तिला निसरडेपणा नको. सिंक्रोची ही सोय १९२८ मध्ये कॅडिलॅकने पहिल्यांदा दिली. तोवर ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून, कानाने अंदाज घेत गिअर टाकत असे. चुकीचे तेल भरले की ही जुनी कला आपोआप शिकायला मिळते.

आता डब्यावरची अक्षरे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, गिअर ऑइलला जीएल-४, जीएल-५ असे वर्ग देते. पाच हे चारपेक्षा मोठे, म्हणून जीएल-५ ही जीएल-४ ची बढती असावी, असा समज सरकारी नोकरीच्या सवयीतून आला असेल. पण तो चूक आहे. हे दोन वेगळ्या कामांचे वर्ग आहेत. जीएल-५ हा हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत क्राउनसाठी, बेतलेला. तिथे दाते कमालीच्या दाबाखाली आडवे घसरतात, म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. जास्त तिखट म्हणजे जास्त चांगले, हा सावजी हॉटेलचा नियम इथे लागू केला की ते गंधक तापल्यावर पितळी रिंगेला हळूहळू खाऊ लागते. नव्या जीएल-५ तेलांत ही खोड बरीच काबूत आणली आहे, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत रिंगेवर कार्बनचे अस्तरही असते. तरी ते तेल निसरडे ते निसरडेच. रिंग शाबूत राहते, पण तिला पकड मिळत नाही आणि दुसरा गिअर ‘खर्र’ असा निषेध नोंदवतो. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेले असेल तर तो तडजोडीचा माल समजावा. पुस्तिकेत नुसते जीएल-४ म्हटले असेल, तर नुसते जीएल-४ घ्यावे.

गिअरबॉक्सला जीएल-४ या नियमाला अपवाद आहेत, आणि ते नेमके महागड्या गाड्यांत आहेत. पुंटो, लॉरा यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत असते. पण त्याचे दाते साधे तिरके असतात, हायपॉइड नसतात. त्यामुळे त्यांचे जीएल-४ वर छान भागते. सुबारूच्या मॅन्युअल गाड्यांत आणि कित्येक पोर्श ९११ मध्ये मात्र हायपॉइड दाते आणि सिंक्रो रिंगा एकाच पेटीत, एकाच तेलात नांदतात. तिथे कंपनीच जीएल-५ सांगते, कारण रिंगा त्या हिशेबाने बनवलेल्या असतात. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांवर अशी गाडी असेल तर पेट्याही दोन आणि तेलेही दोन. बरेच मिस्त्री दोन्हीकडे एकाच ड्रममधले तेल ओततात. ड्रम एकच असतो.

या ड्रमचे नाव ‘नव्वद नंबर’. “नव्वद नंबर टाकून देतो भाऊ, काही होत नाही,” हे वाक्य वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात बरोबर आहे, कारण ते ट्रकच्या क्राउनबद्दल उच्चारलेले असते. तेच वाक्य दोन सीटच्या गाडीखाली झोपून उच्चारले की गडबड होते. ज्यांना नव्वदनेही समाधान होत नाही, ते उन्हाळ्याचे कारण देऊन एकशेचाळीस सुचवतात.

या आकड्यांचा अर्थ असा. ७५डब्ल्यू-९० मधला नव्वद म्हणजे शंभर अंशांना तेल किती दाट राहते त्याचा दर्जा. गिअर ऑइलची पट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी असते. गिअरचे नव्वद हे इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरते, त्यामुळे ‘इंजिनमध्ये चाळीस आणि गिअरमध्ये नव्वद, म्हणजे दुपटीहून दाट’ हा हिशेब पानठेल्यावरच सोडून द्यावा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. नागपूरचा पारा फार खाली गेला तो डिसेंबर २०१८ मध्ये, ३.५ अंशांवर. म्हणजे या परीक्षेला नागपूर कधीच बसत नाही. तरीही ७५डब्ल्यू वाया जात नाही. जानेवारीच्या सकाळी आठ-नऊ अंशांत ते ८०डब्ल्यूपेक्षा पातळ राहते, आणि गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना दुसरा गिअर कुरकुर न करता पडतो.

उन्हाळ्याचा मुद्दा आवाजाने मोठा आणि वजनाने हलका आहे. तेल तापवायला नागपुरात मोटार शर्यतींचा ट्रॅक नाही, पण मे महिना आहे. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखवले. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचे सांगितले आणि शहर किंचित हिरमुसले. पण धावत्या गिअरबॉक्समधले तेल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि कंपनी ते धरूनच दर्जा ठरवते. उन्हाळ्यासाठी म्हणून दाट तेल भरले तर इंजिनाची ताकद तेल घुसळण्यातच जाते आणि रिंगेला ते बाजूला सारायला वेळ लागतो.

समृद्धी महामार्गाची धास्तीही अशीच. शिवमडक्याहून निघून ताशी १२० ची मर्यादा पाळत सहाव्या गिअरमध्ये शिर्डी गाठणाऱ्या गाडीचे दाते तापतात, पण सिंक्रो रिंगा जवळजवळ रजेवर असतात. त्यांची खरी झीज होते व्हरायटी चौक ते मुंजे चौक या टप्प्यात: पहिला, दुसरा, ऑटो आडवा, पुन्हा पहिला. तेल निवडताना मनासमोर समृद्धी असते. गाडी बहुतेक वेळ सीताबर्डीत.

काही गिअरबॉक्सना गिअर ऑइल लागतच नाही. कॉर्व्हेट आणि व्हायपर यांत बसलेल्या ट्रेमेकच्या टी-५६ ला ऑटोमॅटिक गाड्यांचे लाल, पातळ तेल लागते. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांत चक्क इंजिन ऑइल घालत. अशा पेटीत नव्वद नंबर भरणे ही चूक असतेच, पण तिचा खुलासा मेव्हण्याला करणे अधिक अवघड असते. किंमत आणि रंग पाहून तेल निवडू नये. लाल, निळा, हिरवा हा नुसता रंग असतो. काम बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

तेल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट सैल करून पाहावा, मग खालचा काढावा. क्रम उलटला आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी रॅम्पवर मुक्कामाला राहते. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा लेप दिसतो. तो बोटावर शाईसारखा पसरला तर झीज नेहमीची. बोटाला टोचला तर तेलाची चर्चा थांबवून गिअरबॉक्स उघडणाऱ्याचा पत्ता काढावा. बहुतेक पेट्यांत तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत येऊन ओघळू लागले की पुरे, मात्र गाडी सपाट उभी हवी. “अजून थोडं मार ना बे” या आग्रहाने जादा तेल आत गेले तर ते सीलमधून बाहेर येऊन क्लचपर्यंत जाऊ शकते.

निघालेले काळे तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेले पाहिजे. त्या नियमांच्या व्याख्येत गिअर ऑइलचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात त्यातले पाव लिटर आधी घराच्या फाटकाच्या बिजागऱ्यांसाठी मागून घेतले जाते.