विकास व्यावसायिक, काम फुकट

प्रौढांना शिकवणाऱ्यांचा व्यावसायिक विकास झालाच पाहिजे, याबद्दल सरकारदरबारी दुमत नाही. व्यवसाय ठेवायचा की नाही, एवढंच ठरायचं होतं. तेही ठरलं. केंद्र सरकारच्या 'साक्षर भारत' योजनेत गावातलं प्रौढशिक्षण केंद्र चालवणाऱ्या प्रेरकाला महिन्याला २,००० रुपये मानधन होतं. ती योजना मार्च २०१८ मध्ये गुंडाळली. आताच्या 'उल्लास' या साक्षरता योजनेत स्वयंसेवक आहेत. स्वयंसेवकाला सेवाभाव असतो आणि सेवाभावाला बँक खातं लागत नाही.

पैसाच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २०२२ ते २०२७ साठी देशभरात १,०३७.९० कोटी रुपये आणि ५ कोटी निरक्षर. भागाकार स्वयंसेवकानं स्वतः करावा, संख्याज्ञानाचा सराव होईल. माणशी २०७ रुपये आणि काही पैसे. त्यात बॅनरही आला.

प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून केंद्रावर झिरपत येतं. आमच्या गोंदियातल्या इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाण्यासारखं. टोकाच्या बांधीत पोचेस्तोवर भाताची रोवणी आटोपलेली असते. सालेकसा-देवरीपर्यंत येता येता प्रौढाला कसं शिकवावं हा भाग मुरून गेलेला असतो आणि ॲपवर नोंदणी कशी करावी एवढाच हाती लागतो. शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याशी 'टॅग' केलं की अध्यापन संपन्न. २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तेव्हा सगळे चकित झाले. इतकी वर्षं याद्या करून करून शिक्षकांचा तेवढाच तर व्यावसायिक विकास झाला होता!

इकडे शिकायला येणारी बाई घरात पोवारी किंवा गोंडी बोलते, दुकानात हिंदी आणि साहेबासमोर मराठी. तेंडूपत्त्याच्या पुड्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब तिला तोंडपाठ. तिच्यापुढे स्वयंसेवक कोण? कधी तिचीच शाळकरी नात. नातीला सांगितलेलं असतं, आजीला 'क' कमळाचा शिकव.

शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या आंगिकोस गावात सुमारे ३०० जणांना ४० तासांच्या वर्गांत लिहा-वाचायला शिकवलं. आधी शिकवणाऱ्यांनी गावकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द गोळा केले, मग धडे बेतले. पुढच्याच वर्षी लष्करी राजवटीनं फ्रेरींना तुरुंगात टाकलं. आपल्याकडे तो धोका नाही. 'बोडी', 'बांधी', 'रोवणी' हे शब्द फळ्यावर येऊन बाईनं रोजगार हमीचा मस्टर स्वतः वाचायला मागितला, तर केवढी पंचाईत! त्यापेक्षा कमळ बरं.

तरीही एक नम्र सूचना. यंदाचं प्रशिक्षण जुलैत, ऐन रोवणीत, बांधीतच घ्यावं. प्रशिक्षक त्याच बाया आणि प्रशिक्षणार्थी पुण्या-मुंबईचे अधिकारी. शेवटी चाचणी, उल्लाससारखीच १५० गुणांची: ५० गुण आभाळ वाचायला, ५० गुण चिखलात रोपांच्या सरळ ओळी लिहायला आणि ५० गुण रोजीतून उचल वजा करायला. प्रत्येक भागात ३३ टक्के पुरेत. नापास कुणालाच करायचं नाही. प्रमाणपत्रावर 'सुधारणा आवश्यक' असा शेरा मारून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बसवायचं. प्रवासभत्ता नाही. सेवाभाव सोबत आणावा.