डॉडांची लॉटी

"सुनंदा, तुझी धाकटी म्हणे बॅडमिंटन सोडून हॉकीला निघाली?"

"डोक्याला ताप झालाय काकू. नवी कोरी रॅकेट कपाटावर पडलीय. हे म्हणतात, कार्टी धरसोड आहे."

"धरसोडच बघायची तर इंग्लंडातली डॉडांची लॉटी बघ. लिव्हरपूलच्या पलीकडे बेबिंग्टनची. बाप कापसाचा दलाल, पैसा खोऱ्याने. घरच्या आवारातच टेनिसची दोन कोर्टं!"

"बाई बाई! आणि आपल्याकडे सायकल लावायला जागा नाही."

"आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या गाठीही लिव्हरपूललाच जायच्या. त्या कोर्टात चार आणे आपलेही धर! तर ही पोर १८८७ साली विम्बल्डन जिंकली. वय वर्षं पंधरा. फायनलला ब्लांश बिंगलीला ६-२, ६-०. बायकांच्या एकेरीत इतकी लहान विजेती तिथे पुन्हा झाली नाही."

"ती हिंगिस?"

"ती दुहेरीत गं, १९९६ला. दुहेरीत सावरायला शेजारी कुणीतरी असतं."

"तेही खरंच."

"आता गंमत ऐक. बाकीच्या बायका पायघोळ झगा आणि आत कॉर्सेट आवळून पळायच्या. ही शाळकरी, म्हणून हिला पोटरीपर्यंतचा झगा चालला. लगेच कुजबुज, की झगा आखूड म्हणून जिंकते."

"कुजबुजणारच. आपण तरी काय करतोय?"

"आपण माहिती घेतोय! पुढे मोठी झाल्यावरही जिंकलीच की. ८८, मग ९१, ९२, ९३. पाच विम्बल्डन खिशात, बाविशीही गाठली नव्हती, आणि तिथे पुन्हा एकेरी खेळायला गेलीच नाही."

"लग्न ठरलं असेल."

"छे! लग्न जन्मात केलं नाही. सेंट मॉरिट्झला जाऊन स्केटिंग शिकली, बर्फाच्या उतारावर घसरगाडी दामटली, डोंगर चढली. मग हॉकी, थेट इंग्लंडच्या संघात. मग गोल्फ. १९०४ला ट्रूनला बायकांचं ब्रिटिश अजिंक्यपद, मे हेझलेटला एका होलने हरवून."

"पैसा होता म्हणून जमलं हो. गिरणीतल्या पोरीला कोण देतो कोर्ट नि घसरगाडी?"

"ते आहेच, त्यात वाद नाही. पण पैसेवाल्यांच्या इतर लेकींनी कुठे मारलं विम्बल्डन? अंगात लागतं गं. आणि आहेत ते कप पुसत बसायचं सोडून नव्या खेळात शिकाऊ म्हणून उभं राहायला तर जास्तच लागतं. तुझ्या ह्यांना सांग."

"सांगते. मग पुढे?"

"तिरंदाजी. १९०८चं लंडन ऑलिम्पिक. पंचवीस बायका, झाडून सगळ्या ब्रिटिश."

"म्हणजे आपल्या सोसायटीच्या स्पर्धाच की!"

"हो ना. पहिल्या दिवशी लॉटी पुढे होती, पण शेवटी रौप्यच मिळालं. पुरुषांत सोनं कुणी नेलं? तिच्याच भावाने, विल्यमने."

"पदक घरातच राहिलं म्हणा. आणि बायकांत?"

"क्वीनी न्यूअल. वय त्रेपन्न."

"त्रेपन्न? या वयात मला सुईत दोरा ओवता येईल की नाही, शंका आहे."

"तुला आत्ता कितवं?"

"एकोणपन्नास."

"मग चार वर्षं आहेत. कपाटावरची रॅकेट आधी खाली काढ."