बारमाही नाना

गणपतीच्या दिवशी शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या लागतात, दारं उघडतात, साड्या आणि झब्बे सावरत माणसं उतरतात. नाना त्यांच्याकडे बघत नाहीत. ते आधी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडे बघतात, मग जरा वाकून उजव्याकडे, आणि मग "या या, मोरया!" म्हणतात. त्या मोरयाला लागूनच "आतून खातंय रे, अलाइनमेंट करून घे" असतंच. मंडळात कुणाची मुलगी डॉक्टर झाली, कुणाचं ग्रीन कार्ड आलं, यातलं नानांना काही माहीत नसतं. पण कुणाच्या ओडिसीला चार चाकांवर चार कंपन्या नांदतायत, हे पाठ असतं.

न्यू जर्सीत, विशेषतः आमच्या एडिसनच्या आसपास, असे नाना बरेच. चाळीसेक वर्षांपूर्वी आलेले, घराचं कर्ज फेडून मोकळे, मुलं कॅलिफोर्नियात, स्वतः निवृत्त. डॉक्टरचं बिल विमा बघतो, पैसे मुलगी गुंतवते. आता या देशात कुणी आपल्याला फसवू शकेल अशी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे टायरचं दुकान. तिथे मात्र नाना पूर्ण तयारीनिशी जातात.

हा स्वभाव अमेरिकेत आल्यावर जडलेला नाही. डोंबिवलीला नानांकडे बजाज चेतक होती. पुढचं चाक मागे, मागचं स्टेपनीला, स्टेपनी पुढे, असा तिचा फेरा वर्षानुवर्षं चाले, आणि आतला कापडाचा धागा दिसू लागला की टायर रिमोल्डला जाई. नवा टायर हा शब्द घरात सणासुदीलाच उच्चारला जायचा. आता त्यांच्याकडे कॅमरी आहे, पण दृष्टी चेतकचीच आहे. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतःच्या हाताने भरायला कायद्याने बंदी आहे, ते काम पंपावरचा माणूस करतो. तेवढ्या वेळात बाकीचे लोक फोन बघतात. नाना खाली उतरून चाकांना प्रदक्षिणा घालतात.

टायर बदलायची वेळ झाली की नाही, हे ठरवायला त्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक पेनी असते. ती टायरच्या खाचेत उलटी उभी करायची. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं की खाच इंचाचे दोन बत्तिसांश उरली, म्हणजे टायर संपला. नव्या टायरला साधारण दहा बत्तिसांश असते. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने २०२५च्या नोव्हेंबरात पेनी पाडणं थांबवलं, तेव्हा देशभर लोकांनी लेख लिहिले. नानांनी पाच पेन्या वेगळ्या काढून ठेवल्या. "पुढच्या पिढीला लागतील," म्हणाले. बरं, नियमाचा धाक म्हणावा तर या राज्याने २०१० सालीच खाजगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली. आता तपासणीत फक्त धूर बघतात. तेव्हापासून मिडलसेक्स काउंटीच्या टायरांची जबाबदारी सरकारने आपल्यावर सोपवली आहे, अशी नानांची समजूत आहे.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या स्वतःच्याच गाडीवर लिंकनचं डोकं दिसलं. कपाळ तर आधीच्या दिवाळीपासून दिसत होतं, पण नाना म्हणाले, "अजून केस झाकलेले आहेत." मग हिवाळा गेला. मग एक्सेल उघडलं.

नानांचा पहिला अध्याय आकड्यांचा. टायरच्या बाजूवर २०५/६५ आर १६ ९५ एच असं लिहिलेलं असतं, ते नाना कुणालाही, कधीही समजावून सांगतात. वाढदिवसाच्या पार्टीतसुद्धा. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम मात्र १६ इंची. ९५ म्हणजे एका टायरने पेलायचा भार ६९० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत भरवसा. हवा पाउंडात, खाच बत्तिसांशात. "एका टायरात मेट्रिक, टक्के आणि इंच! आणि हे आपल्या पायली-शेराला हसत होते," असं म्हणून नाना थांबतात, म्हणजे ऐकणाऱ्याने हसावं. ताशी २१०चा हा टायर नाना टर्नपाइकवर मधल्या लेनमधून ५५ मैलांनी चालवतात, आणि मागच्या ट्रकला काय वाटतं हा त्यांचा प्रश्न नसतो.

दुसरा अध्याय ऋतूंचा. ऑल-सीझनला नाना बारमाही म्हणतात. गुडइयरने १९७७ साली टिएम्पो नावाचा बारमाही टायर आणला, तोवर थंडीच्या गावात लोक वर्षातून दोनदा टायर बदलायचे, ही माहिती ते आपण स्वतः त्या कारखान्यात हजर असल्यासारखी देतात. त्यांचा मावसभाऊ माँट्रियलला आहे. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे, त्यामुळे त्या बिचाऱ्याच्या गॅरेजमध्ये टायरांचा दुसरा संच पडून असतो. नानांना त्याच्याविषयी जी कणव वाटते, ती त्याच्या बायपासच्या वेळीही वाटली नव्हती.

"पण सगळे बारमाही सारखे नसतात," नाना आवाज खाली आणून सांगतात. पारा सात अंश सेल्सियसच्या खाली उतरला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि त्याची पकड सुटते. बारमाही रबर त्या मानाने मऊ राहतं, पण खास हिवाळी टायरइतकं नाही. बाजूवर एम आणि एस ही अक्षरं असली तर ती चिखल आणि बर्फाची, पण ती बहुतेक खाचांच्या आकारावरून मिळतात, बर्फात पाऊल न टाकता. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल, तर मात्र टायरने बर्फावर परीक्षा दिलेली असते. "आणि परीक्षा कसली माहितीये? गाडी बर्फातून निघते का याची. थांबते का याची नाही!" एवढं बोलून नाना खुर्चीत मागे रेलतात. गोष्ट खरी आहे. त्या चाचणीत दाबलेल्या बर्फावर वेग घेतानाची पकड मोजतात, ब्रेक नव्हे. ज्या जागेवर हा खुलासा होतो तिथली निम्मी माणसं त्या वर्षी घाबरून हळू गाडी चालवतात. म्हणजे नानांचा समाजाला उपयोग नाही असं कुणी म्हणू नये.

तिसरा अध्याय घराण्यांचा. कुठली स्वस्त कंपनी कुठल्या बड्या कंपनीची धाकटी पाती, हे नानांना मुखोद्गत. फायरस्टोन ब्रिजस्टोनच्या घरात १९८८ साली गेली, युनिरॉयल आणि बीएफगुडरिच मिशेलिनकडे, कूपर २०२१मध्ये गुडइयरकडे. "आडनाव बदलून तोच माल, वीस डॉलर कमी." व्रेडेस्टाइन हे डच नाव घेताना त्यांची छाती जरा पुढे येते, कारण २००९पासून ती आपल्या अपोलोची आहे. विकत मात्र घेत नाहीत. अभिमान वेगळा आणि सेंट प्रति मैल वेगळे.

सेंट प्रति मैल हा नानांच्या एक्सेलचा गाभा. त्यांच्या मापाचा टायर ९० डॉलरपासून मिळतो आणि दोनशेच्या पलीकडेही जातो. दुकानदार किंमत सांगतो, नाना तिला वॉरंटीच्या मैलांनी भागतात. ९० डॉलरच्या टायरला ४५ हजार मैलांची हमी होती, म्हणजे मैलाला ०.२ सेंट. १५० डॉलरच्या टायरला ८० हजारांची, म्हणजे ०.१८७५. "बघ, महागडाच स्वस्त!" नानांनी फोन करून सांगितलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी फरक विचारला. "मैलाला सव्वा शतांश सेंट," नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात बोनस मिळालेल्या माणसाचा आनंद होता.

मग खरेदी. चारही टायर एकदम घेतले की कॉस्टकोत अधूनमधून सूट असते, तिची वाट बघण्यात एप्रिल गेला. सूट आली त्या शनिवारी नाना दुकान उघडण्याआधी दारात. टायर बाहेर काढायला लावून त्यांनी प्रत्येकाला हापूसची पेटी उघडल्यासारखं नाक लावून वास घेतला. मग विजेरी. टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणारा मजकूर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२५ असेल तर २०२५चा तेविसावा आठवडा. हा पूर्ण आकडा पुष्कळदा एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू गाडीला लावताना आत जाऊ शकते. म्हणून लावण्याआधी बघायचं. लावल्यानंतर बघायचं तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि मागे एका लग्नाच्या पार्किंगमध्ये नाना कुणाच्या तरी गाडीखाली असे आडवे झाले असता वऱ्हाडातल्या एका डॉक्टर बाईंनी धावत येऊन त्यांची नाडी बघितली होती.

चारपैकी एक टायर उरलेल्या तिघांपेक्षा सात आठवडे जुना निघाला. नानांनी तो बदलून मागितला. काउंटरवरच्या मुलाने बदलून दिला. त्या मुलाला स्वर्गात जागा आहे.

हवा भरताना तिथे नायट्रोजन भरतात आणि व्हॉल्व्हवर हिरवी टोपी लावतात. "साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन देवानेच घातलाय," असं नाना त्या मुलाला सांगून आले, पण हिरव्या टोप्या रोज पुसतात. बिलावर न्यू जर्सीचा टायरमागे दीड डॉलरचा कर आला. कॉस्टकोतलं हॉट डॉग आणि सोडाही १९८५पासून दीड डॉलरलाच मिळतं. नाना शाकाहारी, तरी त्यांनी हिशेब मांडला की सरकारने आपली चार हॉट डॉग खाल्ली.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं त्या मुलाशी जमलं नाही. नानांनी सहज विचारलं, की समजा दोनच नवे घेतले असते तर पुढे लावले असते ना, कारण पुढची चाकं गाडी ओढतात. मुलगा म्हणाला, नवे नेहमी मागे. पावसात मागची चाकं पाण्यावर तरंगली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरता येत नाही, पुढची तरंगली तर निदान सरळ तरी जाते. नाना अर्धा तास भांडले, घरी येऊन तीन ठिकाणी वाचलं आणि पुढच्या रविवारी मंडळात हा सिद्धांत स्वतःचा म्हणून मांडला. फार छान मांडला.

त्या रविवारी काकूही होत्या. काकू बँकेत होत्या, नानांच्या एक्सेलपेक्षा त्यांचं तोंडी गणित जलद चालतं. नाना ८० हजार मैलांवर आले तेव्हा त्या पोह्यांची डिश खाली ठेवून म्हणाल्या, "आपण वर्षाला किती चालवतो?"

"चार हजार. फार तर."

"म्हणजे टायर वीस वर्षं पुरणार. आणि तुम्ही एकाहत्तरचे. ते नव्वद डॉलरवालेसुद्धा अकरा वर्षं पुरले असते की."

नाना म्हणाले, इतकी वर्षं कुणी टायर ठेवतच नाही. रबर उन्हापावसात आपोआप म्हातारं होतं, बारीक भेगा पडतात, दहा वर्षांपुढे कंपन्याच नको म्हणतात, मग खाच कितीही खोल असो.

"मग वीस वर्षांची हमी कशाला घेतलीत?"

खोलीतल्या सगळ्यांना एकदम चहा हवासा वाटला. नानांनी चष्मा पुसला, घरी गेले आणि वॉरंटीची पुस्तिका काढली. तिच्यात आणखी एक ओळ होती: हमी ८० हजार मैल किंवा सहा वर्षं, जे आधी संपेल ते. वर टायर नेमाने फिरवून घेतल्याच्या पावत्या हव्यात, आणि भरपाई म्हणजे रोख नव्हे, उरलेल्या मैलांच्या प्रमाणात पुढच्या टायरवर सूट. पावत्यांची नानांना भीती नव्हती. त्यांच्याकडे चेतकच्याही आहेत. पण सहा वर्षांत चोवीस हजार मैल चालवून छप्पन्न हजार मैल कंपनीला फुकट सोडायचे, या कल्पनेने त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी एक्सेलला नवा रकाना लागला. ८० हजार भागिले सहा म्हणजे वर्षाला साडेतेरा हजारांच्या आतबाहेर. चार हजार वजा. उरले साधारण साडेनऊ हजार. एडिसनहून नायगारा जाऊन येऊन पावणेआठशे ते आठशे मैल. महिन्याला एक नायगारा.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच दिवशी संदेश आला: भारतातून कुणाचे आईवडील, सासूसासरे, आत्या-मामा आले असतील तर त्यांना नायगारा दाखवण्याची सोय, पेट्रोल आणि जेवण ज्याचं त्याचं, गाडी नानांची. ज्या गावात दर उन्हाळ्यात प्रत्येक घरी कुणाचे ना कुणाचे आईवडील येतात आणि प्रत्येक जावयाला सुट्टी काढून त्याच धबधब्याला सातव्यांदा जावं लागतं, तिथे या संदेशाला किती अंगठे आले हे सांगायची गरज नाही. नाना ५५ मैलांनी जातात, त्यामुळे वेळ लागतो. पण वाटेत म्हाताऱ्यांना ऐकायला भरपूर असतं. कोथरूडच्या एक आजी परत आल्यावर मुलाला म्हणाल्या, धबधबा बरा आहे, पण तुझ्या गाडीचे टायर कुठल्या आठवड्याचे आहेत ते आधी बघ.

काकू पहिल्या दोनदा गेल्या, आता जात नाहीत. थर्मासमध्ये चहा भरून देतात.

परवा नाना भेटले. पेनी काढून मला त्यांनी खाच दाखवली. इतक्या फेऱ्या होऊनही लिंकनचं कपाळसुद्धा दिसत नाही. ८० हजारांच्या आधी टायर झिजला तरच भरपाई मागता येईल ना, आणि हा तर झिजायचं नावच घेत नाही. नाना फार वैतागले होते. "दीडशे डॉलर घेतात," म्हणाले, "आणि माल असा देतात!"