लीजच्या गाडीचा साजशृंगार

आरसी बुक लीजिंग कंपनीच्या नावाचे, भाडे नोकरदाराच्या पगारातून कापलेले आणि पेढे शेजाऱ्यांनी खाल्लेले, अशा गाडीला लीजची गाडी म्हणतात. मुदत साधारण तीन ते पाच वर्षे. ती संपली की गाडी परत करायची किंवा ठरल्या किमतीला विकत घ्यायची. वरून काही बसवण्याबाबत करारात बहुधा एकच कलम असते: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय फेरबदल करू नयेत. हे कलम लीजधारक पहिल्यांदा वाचतो ते गाडी परत करताना.

दुकानदार ॲक्सेसरीजची प्रतवारी किमतीवरून करतो. लीजधारकाने ती काढून घेण्याच्या सोयीवरून करावी.

हाताने निघणाऱ्या वस्तू निर्धोक समजल्या जातात: मॅट, डिकीचा ट्रे, उशा, मोबाइल होल्डर. तरी ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर मॅट घालू नये. वरची सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकते. सीट कव्हरचे प्रकरण जरा नाजूक आहे. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच कडेतून, शिवण फाडून बाहेर येते. तिच्यावर जाड रेक्झिन चढवले, तर सीट मळत नाही आणि एअरबॅगही वेळेवर उघडेलच असे नाही.

चिकटवण्याच्या वस्तूंत पहिला मान डॅशबोर्डवरच्या गणपतीचा. मूर्ती डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावर बसवली, तर अपघातात ती शेजारच्या माणसाच्या तोंडावर येऊ शकते. विघ्नहर्त्यावर अशी वेळ आणू नये. मागच्या काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ लिहिण्याची पद्धत आहे. लीजच्या गाडीवर खरे तर ‘एचआर विभागाची कृपा’ लिहायला हवे, पण तसे कोणी लिहीत नाही. ही अक्षरे आतल्या बाजूने चिकटवलेली असतील, तर ब्लेडने खरवडताना काचेवरच्या डीफॉगरच्या बारीक रेघाही निघून येतात, आणि आशीर्वादाचे बिल काचेच्या भावाने येते.

त्यापुढे वायरीला हात लावणाऱ्या वस्तू. मोठा स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, दोन सुरांचा हॉर्न. ‘साहेब, वायर कट करणार नाही, सगळं कपलर टू कपलर’ असे दुकानदार सांगतो, आणि तोंडात टेप धरून बॉनेटखाली वाकतो. वायर कापल्याचे सर्व्हिस सेंटरला दिसले, तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. शिवाय असे सामान पॉलिसीत नोंदवून वाढीव प्रीमियम भरल्याशिवाय त्याची भरपाई मिळत नाही. पॉलिसी लीजिंग कंपनीच्या नावाची, म्हणजे नोंद करायला परवानगी मागणे आले, आणि परवानगी मागायची तर आधी गुन्हा कबूल करणे आले.

भोक पाडायला लावणारी वस्तू मात्र बसवूच नये. भाड्याच्या घरातले खिळ्याचे भोक पुट्टीने बुजते, पत्र्याच्या भोकातून गंज शिरतो.

काही वस्तू स्वतःच्या गाडीलाही चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. धडकेचा जोर बंपरने पचवायचा असतो. गार्ड तो थेट चासीवर पोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवू शकतो. अशा वस्तूंचे ई-चलन आरसीवरच्या मालकाला जाते. तिथून ते पायरीपायरीने खाली उतरत कर्मचाऱ्याच्या टेबलावर येते, आणि तोवर ऑफिसभर झालेले असते.

गाडी परत करताना तपासनीस मूळ वस्तू मागतो. मूळ स्टिरिओ माळ्यावर जपून ठेवलेला असतो. तो मागच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेल्याचे त्याच दिवशी कळते. काढता न आलेल्या वस्तू गाडीबरोबर जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत.

गाडी विकतच घेतली, तर फॉर्म २९ आणि ३० भरून ती नावावर करता येते. बंधने सुटतात. पाच वर्षे मनात धरलेली यादी घेऊन नवा मालक दुकानात जातो, आणि दुकानदार सांगतो की या मॉडेलचे सामान यायचे बंद झाले.