मोत्यांसाठी आचारसंहिता

शहरातील खासगी प्राणिवैद्यकाचे मनःपूर्वक अभिनंदन. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. तरी १०२ दिसताच रक्त, लघवी, एक्स-रे आणि सोनोग्राफी सुचवायला दूरदृष्टी लागते. कानामागच्या एका गोचिडीसाठी एवढे शास्त्र राबते! (माणसांच्या सरकारी दवाखान्यात असा मान कुणाला?) पुढचे पाऊल म्हणून मालकाचा रक्तदाब बिलाआधी आणि बिलानंतर मोजावा, शुल्क अर्थातच वेगवेगळे. रात्री डॉक्टरांचा फोन बंद असतो, हा दोष मोत्याच्या वेळापत्रकाचा. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने डॉक्टरांची नोंदणी आणली, रुग्णांच्या शिस्तीचा मात्र विसर पडला. तरी समस्त मोत्यांना नम्र विनंती: आजारी पडायचे ते सोमवार ते शनिवार, दहा ते एक, उपाशीपोटी. मालकाच्या पगारानंतर.