होम स्क्रीनवर धरण बांधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पावसाळा तोंडावर आला, की कोयनानगरपासून सांगलीपर्यंतच्या प्रत्येक शहाण्या माणसाने आपल्या मोबाइलवर एक खासगी कोयना धरण बांधून घ्यावं. त्याला जलसंपदा खात्याची मंजुरी लागत नाही. पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरायचं, ‘विजेट्स’वर जायचं आणि भूमिपूजन उरकायचं.

घड्याळ, नातवाचा फोटो आणि कुलदैवत यांना उठवून धरणाला जागा करणार असाल, तर ते सगळे धरणग्रस्त. त्यांची सोय दुसऱ्या पानावर आधी लावा. मागाहून बघू म्हटलं की साठ-साठ वर्षं बघणं चालतं, हे कोयनाकाठाला कुणी शिकवायला नको.

ठळक आकडा एकच ठेवा : १०५.२५ टीएमसीपैकी साठा किती. त्याखाली विसर्ग, क्युसेकमध्ये. पायथा वीजगृहाचा वेगळा आणि सहा वक्र दरवाज्यांचा वेगळा दाखवा. नाहीतर नुसतं जनित्र सुरू झालं, तरी कराडचे मेहुणे ‘दरवाजे उचलले का हो?’ म्हणून फोन करतात. नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस बारीक अक्षरांत चालेल.

आता रिफ्रेशचं. अँड्रॉइडमधली विजेट आपोआप ताजं करायची साधी सोय अर्ध्या तासाच्या आत चालत नाही. आयफोन दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा मुभा देतो. बॅटरी सेव्हर लावला, की तेही लांबतं. तरी लोक मिनिटामिनिटाला अंगठा घासतात. अहो, धरणाची पातळी ठरल्या वेळी मोजतात. अंगठ्याने धरणाचा शिवसागर जलाशय भरत नाही. म्हणून आकड्याखाली ‘सकाळी ८ ची नोंद’ असं तारखेसकट छापा. नोंदीची वेळ न सांगणारं विजेट बिनदिक्कत काढून टाका. पुराच्या दिवसांत कालचा आकडा आजचा म्हणून दाखवणाऱ्यापेक्षा कोरा पडदा बरा.

हवामानाच्या विजेटवर इथे डेटा जाळू नये. जून ते सप्टेंबर काळ्या ढगाचं चित्र चिकटवून ठेवावं, सहसा खोटं ठरत नाही. भूकंपाचं विजेट हौस म्हणून लावावं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट अनुभवलेली माणसं मांडणीवरची भांडी वाजली की धक्क्याचा अंदाज सांगतात. विजेट तेव्हा ‘लोड होत आहे’ म्हणत असतं.

सांगलीकरांनी मात्र कोयनेशेजारी आयर्विन पुलाची पातळी लावायलाच हवी. तिथे ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आकडा ४० ला पिवळा आणि ४५ ला लाल होईल असं करा, आणि पिवळा दिसताच जनावरं, गाडी उंचावर न्या. लाल आकड्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायला तिथून भरपूर वेळ मिळतो.