बालीला गेलात आणि तिथे नाही जेवलात?

ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची लेक नवऱ्याबरोबर बालीला जाऊन आली आणि पाण्यातला नाश्ता न करताच परतली! भिशीत ही बातमी फुटली तेव्हा चकल्यांचा कुडुमकुडुम आवाजसुद्धा क्षणभर थांबला. एकीने तर तोंडावरच विचारलं, "मग गेलीच कशाला?"

प्रश्न रास्त आहे हो. पूर्वी माणसं गावाला जायची आणि भूक लागली की समोर येईल ते खायची. आता आधी कुठे खायचं त्याची यादी होते, विमानाची तिकिटं नंतर. देवळं, ज्वालामुखी, भाताची खाचरं वगैरे दोन जेवणांच्या मधे जमलं तर बघायची.

तर हा पाण्यातला नाश्ता. उबुडकडच्या व्हिलांमध्ये ज्याचा त्याचा छोटा पोहण्याचा तलाव असतो. सकाळी तिथला पोरगा वेताचं भलंमोठं ताट, बहुधा बदामाच्या आकाराचं, अलगद पाण्यात सोडतो. ताटात पपई, कलिंगड, क्रोसाँ, अंडी, रसाचे पेले आणि मधे चाफ्याची फुलं. आपण छातीभर पाण्यात उभं राहायचं आणि अजिबात हलायचं नाही. हललात की लाट, आणि लाट आली की रस अंड्यांत. नवरा काठावर पालथा पडून "हनुवटी वर, पोट आत" करत फोटो काढतो. घास तोंडापर्यंत न्यायचा आणि तसाच परत ठेवायचा, कारण खाल्लं तर ताटातली आरास मोडते. फोटो मनासारखे होईतो अंडी गारढोण. मग ताट बाहेर घ्यायचं, टॉवेल गुंडाळायचा आणि खुर्चीवर बसून मुकाट्याने गिळायचं. ओल्या अंगाने ताटावर बसलं म्हणून ज्यांच्या पाठीत लहानपणी धपाटे बसले, तीच मंडळी आता त्याचे जादा पैसे मोजतात!

चांगूची तऱ्हा आणखी निराळी. तिथे फळांचा दाट गोळा घासूनपुसून चकचकीत केलेल्या करवंटीत देतात. आमच्या आजीने करवंट्या आयुष्यभर बंबात घातल्या. केवढी इस्टेट जाळली म्हणायची! सेमिन्याकच्या पोटॅटो हेड बीच क्लबची दर्शनी भिंत तर जुन्या लाकडी खिडक्यांच्या झडपांनी मढवलेली आहे. बघायला सुंदर, नाही कशाला म्हणू? पण समुद्राकाठच्या अशा क्लबांमध्ये गादीवर लोळायचं तर अमुक इतक्या रकमेचं खाल्लं-प्यायलंच पाहिजे, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. झोपायलाही भूक लागते म्हणायची.

आणि बिल? एक लाख रुपियाची नोट म्हणजे आपले पाच-साडेपाचशे रुपये. पहिल्या दिवशी सगळे लखपती म्हणून मिरवतात. मग मेन्यूत किमतीपुढे बारीक अक्षरात दोन अधिक चिन्हं दिसतात. एक कराचं, एक सर्व्हिस चार्जचं. आमच्या एका भावजींना वाटलं, पदार्थाला चांगले मार्क मिळालेत.

जिंबारानची गोष्ट मात्र थोडी आदबीने सांगायला हवी. पश्चिमेकडे तोंड करून वाळूत मांडलेली टेबलं, पलीकडे विमानतळ, मागे नारळाच्या सोडणांवर भाजणारी मासळी. मासा आपण निवडायचा, समोर तोलून घ्यायचा आणि किलोवर भाव ठरवायचा. इथे आपली मालवणकडची माणसं खुलतात. कल्ले उचकून बघणार, डोळे बघणार, काट्यावर नजर रोखणार. मासा येतो तो मसाल्याने माखून, कडा करपलेला, आणि सोबत सांबाल माताह. बारीक चिरलेले छोटे कांदे, मिरची, गवती चहाचा कोवळा दांडा, लिंबू, आणि वरून गरम खोबरेल. ते खाल्लं की सूर्यास्ताकडे पाठ करून बसलं तरी चालतं. पण बसेल कोण? सूर्य बुडायला आला की अख्खी रांग मासा सोडून फोन घेऊन उभी राहते. मांजरं तेवढीच वाट बघत असतात.

आता जरा जवळ सरका. ते मंगळवार-चतुर्थी कडक पाळणारं कुटुंब आठवतंय? आठवडाभर जेवणाबरोबर कुरकुरीत पापड खाल्ले, येताना दोन पाकिटं आणली, शेजारीपाजारी वाटली. त्या पापडांना क्रुपुक उदांग म्हणतात आणि उदांग म्हणजे कोळंबी! पुष्कळशा सांबालमध्येही तेरासी नावाचा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

उबुडच्या राजवाड्याजवळ इबू ओका यांचं बाबी गुलिंग मिळतं. हळद, धणे, लसूण, गवती चहा पोटात भरून आख्खं भाजलेलं डुक्कर. अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेनने टीव्हीवर ते खाल्लं आणि रांगा लागल्या. आपल्यापैकी तिथे कुणीच जात नाही. सगळे फक्त "बाहेरून बघून" आलेले असतात आणि वरची साल कशी काचेसारखी तडकते ते मात्र तपशीलवार सांगतात.

त्याहून कहर म्हणजे कोपी लुवाक. उदमांजर कॉफीची पिकली फळं खातं, बिया पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात, त्या धुऊन भाजून कॉफी करतात. घरात सोवळं पाळणाऱ्या एक काकू ती दोन कप प्यायल्या! वर म्हणाल्या, "भाजलंय की हो." मला विचाराल तर कॉफीपेक्षा पिंजऱ्यात फेऱ्या मारणारं ते जनावरच जास्त लक्षात राहतं, आणि कप खाली ठेवावासा वाटतो. पण यादीत खूण करायची असते ना.

सानूरला वारुंग माक बेंग आहे, 1941 पासूनचं. खायला काय, हा प्रश्नच नाही. तळलेला मासा, माशाचं आंबटतिखट सूप, भात, सांबाल. झालं. अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून बसायचं आणि खाऊन उठायचं. इथला फोटो कधीच चांगला येत नाही, म्हणून यादीत हे नाव खाली असतं. मला कुणी एकच जेवण दिलं तर मी इथेच जाईन. भिशीत हे बोलायची सोय नाही.

पण खरी फजिती पाडव्याची. बालीचं नववर्ष, न्येपी, आपल्यासारखंच शकाचं. 2026 मध्ये दोन्ही नेमके एकाच दिवशी, 19 मार्चला, शके 1948. पाडव्याला जोडून रजा टाकणाऱ्यांना वाटावं, वा, सणासुदीची मेजवानी! आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या अवाढव्य मूर्तींची मिरवणूकही दणक्यात निघते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चोवीस तास सगळं बेट बंद. विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, रस्त्यावर पाऊल नाही. विमानतळसुद्धा बंद. पेचालांग नावाचे गावचे राखणदार गस्त घालतात आणि बाहेर डोकावणाऱ्याला आत पाठवतात. यादीतलं प्रत्येक ठिकाण कुलपात. हॉटेलवाले पाहुण्यांना आतल्या आत जेवू घालतात, पडदे ओढून, मंद उजेडात.

मोबाइलचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात. आता मला सांगा, पुरणपोळी जरी वाढली, तरी खाऊन उपयोग काय?